थंडावा साठवायचा असेल तर आधी विजेचे बिल वाचा

सातारा-सांगलीच्या दूधपट्ट्यात थंडावा साठवून ठेवण्याची पद्धत पूर्वापार चालत आलेली आहे. दूध सकाळी आणि संध्याकाळी अशा दोनच वेळांना येते आणि आले की दोन-अडीच तासांत ते ४ अंशांपर्यंत उतरवावे लागते. उशीर झाला तर जिवाणू वाढतात आणि दूध नासते. एखाद्या शीतकरण केंद्रावर एका वेळेला १०,००० लिटर दूध ३५ अंशांवर आले असे धरा. ते ४ अंशांवर आणायला सुमारे १०० टन-तास थंडावा लागतो. (एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना ज्या गतीने उष्णता शोषतो, ती वातानुकूलनाच्या भाषेत एक टन, म्हणजे सुमारे ३.५ किलोवॉट. तेवढी गती तासभर टिकली की एक टन-तास.) हे काम दोन तासांत थेट उरकायचे तर ५० टनांचे यंत्र घ्यावे लागेल आणि दिवसातले वीस तास ते नुसते उभे राहील. म्हणून केंद्रावर आइस बँक टँक असतो. टाकीतल्या नळ्यांवर कॉम्प्रेसर आठ-दहा तास सावकाश बर्फ धरवतो आणि दूध आले की त्या बर्फाला लागून निघालेले अर्ध्या-एक अंशाचे पाणी प्लेट चिलरमधून फिरते. मग ११-१२ टनांच्या यंत्रावर भागते आणि टाकीत जेमतेम चार टन बर्फ लागतो.

याच सातारा जिल्ह्यात, शिरवळच्या औद्योगिक पट्ट्यात आणि महामार्गाच्या दोन्ही अंगांना, आता मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत. त्यांत कारखान्यांची जुळणी-दालने आहेत, कार्यालये, रुग्णालये, वसतिगृहे, हॉटेले आहेत. त्यांच्या व्यवस्थापकांपुढेही हाच पर्याय ठेवला जातो : रात्री बर्फ करून ठेवा किंवा गार पाण्याची मोठी टाकी बांधा, आणि दुपारी त्यावर इमारत थंड करा. पर्याय चांगला आहे, पण विकणारा तो बहुतेक वेळा ‘वीज वाचवणारा’ म्हणून मांडतो आणि चूक तिथेच सुरू होते. साठवण मुळात युनिटे वाचवत नाही. ती युनिटे एका तासातून उचलून दुसऱ्या तासात नेते. बर्फ केला तर युनिटे थोडी वाढतातसुद्धा. फायदा होतो तो दोन ठिकाणी : विजेचा दर तासागणिक वेगळा असतो म्हणून, आणि दुपारच्या कमाल भाराला पुरेल एवढे यंत्र, ट्रान्सफॉर्मर आणि मागणी आकार (कमाल वीजमागणीवर लागणारे महिन्याचे शुल्क) यांचा बोजा हलका होतो म्हणून. दोन्ही गोष्टी तुमच्या उच्चदाब बिलात छापलेल्या असतात. म्हणून टाकीचा आकार, बर्फ की पाणी हा निर्णय आणि टाकी भरण्याची वेळ ही तिन्ही बिलातून निघाली पाहिजेत, माहितीपत्रकातून नव्हे. आणि असे हिशेबाने बसलात तर शिरवळसारख्या ठिकाणी बहुतेक इमारतींना बर्फापेक्षा गार पाण्याची टाकी परवडते, असे माझे मत आहे. ते का, हेच पुढे मांडतो.

दरापासून सुरुवात करू. महावितरणच्या उच्चदाब औद्योगिक ग्राहकाला कित्येक वर्षे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपयाची सवलत मिळत होती आणि संध्याकाळी ६ ते १० या वेळेत जादा आकार लागत होता. ‘रात्री बर्फ, दिवसा थंडावा’ हे सूत्र त्या काळात सरळ लागू पडत होते. १४ जून २०२३ रोजी केंद्र सरकारने ग्राहक-हक्क नियमांत दुरुस्ती केली. सूर्यप्रकाशाच्या आठ तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा, आणि व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना कमाल मागणीच्या तासांत तो नेहमीच्या किमान १.२० पट लावायचा, असे त्यात ठरले. सौरऊर्जा दुपारी मुबलक झाली आणि संध्याकाळी सूर्य कलला की ताण वाढतो, हे त्यामागचे कारण. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाच्या २०२५ च्या दर-आदेशाने हे चक्र प्रत्यक्षात उलटले : सकाळी ९ ते संध्याकाळी ५ स्वस्त, ५ ते मध्यरात्र महाग, आणि रात्रीची जुनी सवलत गेली. अशा आदेशांवर फेरविचार आणि दावे होतच असतात, म्हणून नेमका टक्का तुमच्या या महिन्याच्या बिलावरूनच घ्या. दिशा मात्र स्पष्ट आहे. दहा वर्षांपूर्वी लिहिलेल्या पुस्तकातले किंवा दुसऱ्या राज्यातल्या प्रकल्पाचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलले, तर स्वस्त तासांत बंद आणि महाग तासांत चालू अशी यंत्रणा पदरात पडेल. रात्री १० वाजता टाकी भरायला सुरुवात करणारी जुनी सेटिंग आजही कुठे असेल, तर ती तपासण्यासारखी आहे.

आता एक इमारत घेऊ. दुपारी ३ वाजता तिला ३०० टन थंडावा लागतो, ती सकाळी ९ ते संध्याकाळी ७ चालते आणि मे महिन्यातल्या कामाच्या दिवशी एकूण २,४०० टन-तास लागतात. साठवण नसेल तर चिलर ३०० टनांचा हवा. गार पाण्याची टाकी असेल आणि चिलर मध्यरात्री सुरू करून संध्याकाळी ५ पर्यंत सलग सतरा तास चालवला, तर २,४०० भागिले १७, म्हणजे साधारण १४० टनांचा चिलर पुरतो. रात्री १२ ते सकाळी ९ या नऊ तासांत तो सुमारे १,२७० टन-तास टाकीत भरतो. ९ ते ५ चिलर आणि टाकी मिळून इमारत सांभाळतात. ५ ते ७ या महाग दोन तासांत चिलर बंद, फक्त पंप आणि टाकी. चिलर, पंप आणि कूलिंग टॉवर मिळून टनाला ०.८५ किलोवॉट धरले, तर दुपारची मागणी १३५ किलोवॉटने उतरते. मागणी आकार केव्हीएला महिना ६०० रुपये आणि पॉवर फॅक्टर एकच्या जवळ धरला, तर वर्षाला पावणेदहा लाखांच्या घरात रक्कम होते. ती पूर्ण हातात पडणार नाही, कारण पावसाळ्यात आणि थंडीत भार मुळातच कमी असतो. पण मागणी आकारणीच्या प्रचलित पद्धतीत मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वांत मोठ्या नोंदीचा ठरावीक हिस्सा किमान म्हणून धरला जातो, त्यामुळे एप्रिल-मेमधली एक बेसुमार दुपार पुढे बराच काळ बिलात दिसत राहते. त्यावर ५ ते ७ चा भार रात्रीच्या साध्या दरात गेल्याने वर्षाला दीड-दोन लाख येतात. शिवाय चिलर निम्म्याहून लहान झाला की ट्रान्सफॉर्मर, केबल, कूलिंग टॉवर आणि डीजी सेट हेही लहान होतात. नवी इमारत बांधणाऱ्याच्या दृष्टीने ही बचत मोठी आहे. जुन्या इमारतीत ३०० टनांचे चिलर आधीच बसलेले असतील तर ती मिळत नाही, म्हणून जुन्या इमारतीत साठवण बसवताना चिलर बदलायची वेळ येईपर्यंत थांबणेच शहाणपणाचे.

याच इमारतीत बर्फ साठवला तर काय होते ते पाहा. बर्फासाठी ग्लायकॉल मिसळलेले पाणी उणे ४ ते उणे ६ अंशांपर्यंत उतरवावे लागते. चिलरला थंड बाजू जितकी खाली न्याल तितका कॉम्प्रेसर अधिक वीज घेतो आणि कमी थंडावा देतो. बर्फ करताना चिलरची क्षमता नेहमीच्या ६५-७० टक्क्यांवर येते आणि टनामागे वीज २०-३० टक्क्यांनी वाढते. म्हणून त्याच सतरा तासांत बसवायला १४० ऐवजी १७० टनांच्या आसपासचा चिलर लागतो, मागणीतली घट कमी होते आणि रोज दीडशे-दोनशे युनिटे जादा जळतात. आठ रुपये युनिट आणि वर्षात कामाचे ३०० दिवस धरले तर ही साडेतीन ते पावणेपाच लाखांची रक्कम झाली. बर्फाच्या बाजूने एकच मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे जागा. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो, तर एक किलो पाणी ५ चे १३ अंश होताना जेमतेम ३३.५. म्हणजे दहापट फरक. नळ्या आणि मोकळी जागा धरूनही बर्फाच्या टाक्या ८०-९० घनमीटरमध्ये बसतात, पण पाण्याला साडेपाच लाख लिटरची टाकी लागते. म्हणजे ९ मीटर व्यासाची आणि साडेआठ मीटर उंचीची. न्यू यॉर्कच्या बँक ऑफ अमेरिका टॉवरच्या तळघरात बर्फाच्या ४४ टाक्या आहेत. मॅनहॅटनमध्ये जमीन मिळत नाही म्हणून तिथे बर्फ हेच उत्तर आहे. शिरवळच्या कारखान्याच्या आवारात कुंपणाकडेला नऊ मीटरचे वर्तुळ बहुधा सापडते. गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत अनेक इमारतींना एकाच ठिकाणाहून गार पाणी पुरवणारी यंत्रणा आहे आणि तिलाही साठवणीची जोड आहे.

पाण्याच्या टाकीचे मर्म एका साध्या गुणधर्मात आहे. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते, म्हणून गार पाणी तळाशी बसते आणि इमारतीतून परतलेले कोमट पाणी वर तरंगते. दोघांच्या मध्ये अर्धा ते एक मीटर जाडीचा सरमिसळीचा थर असतो. हाच गुणधर्म वापरून गोदरेजने (ज्यांचा फ्रिजचा कारखाना शिरवळलाच आहे) ब्रिटनच्या ‘शुअर चिल’ तंत्रावर लस ठेवण्याचे फ्रिज बनवले. त्यांत वर बर्फ असतो आणि त्याखाली ४ अंशांचे पाणी लसीच्या कप्प्याभोवती राहते, वीज गेली तरी कप्पा २ ते ८ अंशांतच टिकतो. इमारतीच्या टाकीत हे साधायचे तर दोन गोष्टी पाळाव्या लागतात. पाणी आत सोडणारी आणि बाहेर घेणारी तोंडे मोठी, जाळीदार आणि संथ हवीत, नाही तर धारेच्या जोराने थर ढवळला जातो आणि टाकीभर ९ अंशांचे निरुपयोगी पाणी उरते. आणि टाकी बसकी नको, उंच हवी. शिरवळच्या बहुतेक औद्योगिक इमारती दोन-तीन मजल्यांच्या आहेत, आणि तिथे उंच टाकीचा आणखी एक फायदा होतो. टाकीतल्या पाण्याची पातळी इमारतीच्या सर्वांत वरच्या पाइपापेक्षा उंच ठेवता आली, तर टाकी उघडी ठेवून थेट जोडता येते. पंधरा मजली इमारतीत ते जमत नाही, मध्ये प्लेटचा उष्णता-विनिमयक टाकावा लागतो आणि तिथे एक-दोन अंश वाया जातात. टाकीवर ७५ ते १०० मिलिमीटर इन्सुलेशन आणि त्यावर ओल अडवणारा थर घ्या. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हा थर फाटलेला असेल तर इन्सुलेशन आतून भिजते, आणि एकदा भिजले की ते असूनही नसल्यासारखे होते.

टाकी दुपारी भरण्याचा मोह आता सगळ्यांना होईल, कारण दुपार स्वस्त झाली आहे. इथे जरा थांबून हिशेब करावा लागतो. दुसऱ्या पाळीचा एक कारखाना घ्या. संध्याकाळी ५ ते १० त्याला १८० टन लागतात, म्हणजे ९०० टन-तास, म्हणजे सुमारे ७६५ युनिटे. ती सगळी दुपारच्या दरात हलवली तर नियमांतल्या किमान फरकानेही आठ रुपयांच्या दरावर युनिटमागे ३ रुपये २० पैसे सुटतात आणि कामाच्या ३०० दिवसांत ७ लाख ३० हजारांपर्यंत रक्कम होते. पण त्याच दुपारी कारखान्याची स्वतःची गरज २५० टनांची आहे आणि टाकी भरायला आठ तासांत आणखी ११२ टन लागतात. मागणी ९५ किलोवॉटने चढते आणि मागणी आकार वर्षाला सहा लाख ८० हजारांच्या पुढे जातो. जे मिळाले ते जवळपास सगळे गेले. तीच टाकी मध्यरात्रीनंतर भरली तर फरक निम्म्यावर, म्हणजे तीन लाख ६५ हजारांवर येतो, पण मागणी चढत नाही. मधला मार्गही आहे. सकाळी ९ ते ११ इमारत अजून रात्रीच्या गारव्यात असते आणि चिलर पूर्ण भारावर नसतात, तेव्हा टाकीचा काही भाग भरता येतो. छतावर सौर पॅनेल असतील आणि दुपारी त्यांची वीज शिल्लक राहत असेल तर ती टाकीत वळवणे सरळ फायद्याचे आहे, पण एका ढगाळ दुपारी पॅनेल थंडावली आणि चिलर चालूच राहिला तर मागणीची नोंद व्हायला तेवढी दुपार पुरेशी असते. म्हणून नियंत्रकात मागणीची मर्यादा घालून ठेवा. मीटरची मागणी त्या आकड्याला टेकली की टाकी भरणे आपोआप थांबले पाहिजे.

बर्फाच्या बाजूने एक आक्षेप येतो तो दमदार आहे. रात्री हवा गार असते, म्हणून चिलर रात्री कमी वीज खातो आणि बर्फाचे नुकसान भरून निघते, असे म्हणतात. मे महिन्यात या भागात दुपार आणि पहाट यांच्या तापमानात चौदा-पंधरा अंशांचा फरक पडतो, आणि बाहेरच्या बाजूचे तापमान एका अंशाने उतरले की कॉम्प्रेसरची वीज साधारण दोन-तीन टक्क्यांनी कमी होते. हवेवर गार होणाऱ्या चिलरच्या बाबतीत हा युक्तिवाद खरा आहे. कोरड्या उन्हाळ्यात बर्फाचे नुकसान जवळपास फिटते. पण मोठ्या इमारतींचे चिलर बहुधा कूलिंग टॉवरवर चालतात, आणि कूलिंग टॉवरला हवेच्या साध्या तापमानाशी नव्हे तर ओल्या फडक्याच्या तापमापकाने दाखवलेल्या तापमानाशी देणेघेणे असते. ते रात्री काही अंशच उतरते. पावसाळ्यात तर दोन्ही फरक आक्रसतात. आणि मुख्य म्हणजे रात्रीच्या गारव्याचा फायदा गार पाण्याच्या टाकीलाही तितकाच मिळतो, उणे ५ अंशांचा दंड न भरता.

दुसरा आक्षेप पाण्याचा. शिरवळच्या खंडाळा तालुक्याला पाण्याची चणचण नवी नाही, मग साडेपाच लाख लिटर पाणी टाकीत कोंडून ठेवायचे का? हे पाणी एकदाच भरायचे असते. बंद वर्तुळात तेच पाणी वर्षानुवर्षे फिरते, त्यात गंज आणि जैविक वाढ रोखणारी रसायने घातली की झाले. इमारतीचे खरे पाणी जाते ते कूलिंग टॉवरच्या बाष्पीभवनात, टन-तासाला साधारण साडेसहा लिटर. आपल्या २,४०० टन-तासांच्या इमारतीत हे दिवसाला पंधरा हजार लिटरच्या वर जाते. म्हणजे टाकी भरायला लागणारे पाणी टॉवर महिना-सव्वा महिन्यात उडवून टाकतो, टाकी असो वा नसो. शिवाय ही टाकी आगीच्या वेळी राखीव पाणी म्हणूनही उपयोगी पडू शकते. मात्र ते अग्निशमन अधिकाऱ्याच्या लेखी मान्यतेनेच धरा, गृहीत धरू नका.

दर पुन्हा बदलले तर? हा प्रश्न विचारणारा बरोबर विचारतो आहे, आणि माझ्या मते पाण्याच्या टाकीचा सर्वांत मोठा गुण इथेच दिसतो. गार पाण्याचा चिलर ५ अंशांचे पाणी इमारतीला आणि टाकीला एकाच वेळी देऊ शकतो. त्यामुळे दराचे तास उलटले तर फक्त वेळापत्रक बदलायचे, यंत्र नाही. बर्फाच्या यंत्रणेत एकच चिलर असेल तर तो एकतर उणे ५ वर बर्फ करतो किंवा ५ अंशांवर इमारत चालवतो. दुपारी बर्फ करायचा तर इमारतीसाठी दुसरा चिलर लागतो. रात्रीच्या सवलतीवर आखलेल्या बर्फाच्या प्रकल्पाला २०२५ चा दरबदल म्हणूनच जड जाणारा आहे. बॅटरीची तुलनाही हल्ली होते. बॅटरी कुठल्याही कामाला वीज देते, तो तिचा फायदा. पण तुमचा संध्याकाळचा भार मुख्यतः वातानुकूलनाचा असेल तर ठीक बांधलेली पोलादी किंवा काँक्रीटची टाकी दशकानुदशके टिकते, भरण्या-रिकामे करण्याच्या फेऱ्यांनी झिजत नाही, आणि वीज गेली की लहानशा डीजी सेटवर केवळ पंप चालवून इमारत गार ठेवते.

तरीही बर्फ योग्य ठरेल अशा जागा आहेतच. भार थोड्या तासांत दाटून येतो आणि बाकी वेळ जवळजवळ नसतो अशी सभागृहे, लग्नसराईतली मोठी मंगल कार्यालये, आणि दूध तर आहेच. तिथे यंत्र चार-पाचपट लहान होते, त्यापुढे वाढलेली युनिटे किरकोळ. भोवती जागाच नसलेल्या जुन्या रुग्णालयालाही बर्फ चालेल. उलट औषध कारखान्यातल्या स्वच्छ खोल्यांचा भार चोवीस तास जवळपास सारखाच असतो. तिथे साठवण करून हलवायला फारसे काही नसते, तिथे पैसा चांगल्या चिलरवर लावा. आणि कोणत्याही टाकीच्या आधी इमारतीचा भार उतरवा. पत्र्याच्या छपराखाली इन्सुलेशन, पश्चिमेच्या काचेला सावली, आणि थर्मोस्टॅट २४ वर. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्यानुसार तापमान एक अंश वर ठेवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. भार कमी झाला तर टाकीही लहान लागते, म्हणून हा क्रम उलटा करू नका.

टाकी ठरवण्यापूर्वी एक काम कुणाही देखभाल-तंत्रज्ञाकडून करून घेता येते. चिलरच्या हेडरवर जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या पाण्याचे तापमान एप्रिल-मेमध्ये आठवडाभर दर तासाला लिहून काढा. कागदावर पाणी ५ अंशांवर जाऊन १३ अंशांवर परत येते असे असेल, पण जुन्या यंत्रणेत ते ९ वर परत येताना दिसले तर नवल नाही. एएचयूच्या (खोल्यांची हवा गार करणाऱ्या यंत्राच्या) कॉइलवर धूळ बसलेली असते, तीनतोंडी व्हॉल्व्ह थंड पाणी कॉइलला बगल देऊन सरळ परत पाठवत असतात, कुणीतरी पंप गरजेपेक्षा जोरात लावलेला असतो. आठ अंशांऐवजी चार अंशांचाच फरक मिळाला तर साडेपाच लाख लिटरची टाकी निम्माच थंडावा धरते आणि दुपारी ३ वाजताच रिकामी होते. मग दोष टाकीवर येतो, खरा दोष कॉइलवरचा असतो. कॉइल धुणे, तीनतोंडींच्या जागी दोनतोंडी व्हॉल्व्ह बसवणे आणि पंपांना गती-नियंत्रक लावणे हे टाकीच्या खर्चाच्या मानाने थोडक्यात होते, आणि टाकी न बांधताही त्याचा उपयोग होतो. आइस बँक असेल तिथे हेच काम नळ्यांवरच्या बर्फाची जाडी मोजण्याचे आहे. शेजारच्या दोन नळ्यांवरचा बर्फ एकमेकांना चिकटला की मधून पाणी फिरायला वाट राहत नाही, बर्फ भरपूर दिसतो पण पाणी गार होत नाही.

शेवटची सूचना कराराबद्दल. पुरवठादाराकडून ‘१,२७० टन-तास’ एवढाच आकडा लिहून घेऊ नका. टाकी रिकामी होण्याच्या अखेरच्या तासातही बाहेर येणारे पाणी किती अंशांवर असेल आणि त्या तासात किती टन मिळतील, हे लिहून घ्या, कारण सुरुवातीला कोणतीही टाकी गार पाणी देते, फरक शेवटी कळतो. मागणी केव्हीएमध्ये किती उतरेल तेही करारात असू द्या, आणि ती तुमच्या महावितरण मीटरवर मोजली जाईल, पुरवठादाराच्या मीटरवर नव्हे, असे स्पष्ट लिहा. स्वीकृती-चाचणी डिसेंबरात उरकू नका. प्रकल्प हिवाळ्यात पूर्ण झाला तरी रकमेचा एक हिस्सा एप्रिल-मेमधल्या सलग पाच कामाच्या दिवसांच्या चाचणीपर्यंत रोखून धरा. त्या पाच दिवसांत टाकीतले तापमान मीटरभर उंचीगणिक आणि मीटरची मागणी पंधरा-पंधरा मिनिटांना नोंदवली जाऊ द्या, आणि त्या नोंदींवर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्यावरच उरलेली रक्कम द्या.